लहान भोकाची पुंगळी

कापसाचे भाव पडले त्या वर्षी आमच्याकडची सरकी काढायची जिनिंग गिरणी बंद झाली. तिथला फिटर मग आमच्या नेमबाजी क्लबात पिस्तुलाची झाडलेली काडतुसं पुन्हा भरून देऊ लागला. मी क्लबाचा सचिव. रिकाम्या पितळी पुंगळ्या दोन डब्यांत निवडून देणं माझ्याकडे होतं. त्या दिसायला सारख्याच, फक्त बुडाशी बार पेटवणारी स्फोटक टोपी बसवायचं भोक काहींचं मोठं, काहींचं लहान.

एके दिवशी लहान भोकात मोठी टोपी दाबली गेली आणि फुटली. फिटरचा अंगठा फाटला. सगळे धावत आले.

"मी बरोबर निवडून दिल्या होत्या," मी म्हणालो. "यानंच डबे मिसळले असतील."

"बाबूजी, चष्मा डोयाले लावायचा रायते, खिशाले नाई," तो म्हणाला.

सगळे हसले, मीही हसलो. पण शब्द सचिवाचा चालला. त्याचं काम त्याच दिवशी गेलं.

संध्याकाळी मी चष्मा लावून मोठ्या भोकांचा डबा पुन्हा पाहिला. त्यात लहान भोकाच्या आणखी तीन निघाल्या. त्या मी मुकाट्यानं दुसऱ्या डब्यात टाकल्या आणि आजवर कुणाला सांगितलं नाही.