मुशीत न वितळलेल्या सळ्या

ते प्रकरण अजून मनातून जात नाही, कारण त्यात मीच चुकलो होतो. पंचनाम्यात मी ‘लोखंडी सळ्या’ असं लिहून घेतलं. त्या लोखंडाच्या आहेत का, हे तपासलं नाही.

जळगावच्या सराफ बाजारातल्या एका शेठजींनी गिऱ्हाइकाकडून सोन्याचं बिस्कीट घेतलं होतं. वजन बरोबर, कसोटीवर कसही बरोबर. दागिन्यांसाठी त्यांनी ते कारागिराकडे दिलं. बाजारात कारागिराला सोनं विश्वासावरच दिलं जातं. त्याने मुशीत ते वितळवलं, तर तळाशी करड्या सळ्या उरल्या. तो स्वतःच त्या घेऊन शेठजींकडे गेला. शेठजींनी फिर्याद दिली, की याने सोनं काढून लोखंडाने वजन भरलं.

मला ते पटलं. कारागीर शिरपूरकडचा, फार शांत. त्या शांतपणाचाच मला संशय आला.

“साहेब, मी चोरी नही करी. ते आतमझारच व्हतं. चोर ऱ्हातू तर दखाडाले जातू का?”

“जास्त शहाणपणा नको,” मी म्हणालो.

झडतीसाठी त्याला भर बाजारातून पायी नेलं. घरी काही सापडलं नाही. तो जामिनावर सुटला, पण त्याच्या हातात कोणी गुंजभर सोनं देईना. असोद्याला केळीच्या गाड्या भरायला जाऊ लागला.

काही महिन्यांनी खबऱ्याने सांगितलं, की एमआयडीसीतला एक वर्कशॉपवाला धुळ्यात बिस्किटं विकतोय. तिथल्या सराफाकडून आम्ही एक बिस्कीट जप्त केलं, कोर्टाची परवानगी घेतली आणि पंचांसमोर ते करवतीने कापायला लावलं. मध्येच पातं अडलं. आत तशाच करड्या सळ्या. ठाण्यात परतून मी जुन्या सळ्यांना चुंबक लावलं. चिकटलं नाही.

वर्कशॉपवाल्याने चौकशीत आधी चहा मागितला.

“टंगस्टन आहे, साहेब. बल्बची तार, अर्गॉन वेल्डिंगच्या कांड्या, भट्टीचे भाग, सगळीकडे लागतं. कितीही तापवा, सहजासहजी वितळत नाही. आणि वजनाला थेट सोन्यासारखं.”

“सराफांना कळत नाही?”

“ते तोलतात, घासून बघतात. नवंकोरं बिस्कीट कापतो कोण? वितळवलंच तर कारागीर अडकतो. तुम्ही नाही का धरला एक?”

शेजारी लिहून घेणाऱ्या हवालदाराचं पेन थांबलं.

कारागिराचं नाव गुन्ह्यातून वगळलं. वरिष्ठ म्हणाले, “सुटला ना तो? मग सोडा आता.” मीही सोडलं. पुढे बदल्या झाल्या, थकून मुदतीआधीच निवृत्ती घेतली. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे चेहऱ्यावरून ओळखण्याचा मला गर्व होता. कोठडीत निर्ढावलेला आणि निर्दोष सारखेच शांत दिसू शकतात, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षी असोद्याला गेलो. तो केळीच्या वखारीत होता. मी हात जोडले.

“आठे नको, साहेब,” वखारीतल्या माणसांकडे हात करून तो म्हणाला. “आठे माले चोर कोन म्हनस? बजारमा चला.”

गेलो. शेठजी गादीवर होते. आजूबाजूचे दुकानदार उंबऱ्यात आले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, “या माणसाने चोरी केलेली नाही. चूक माझी होती. भाऊ, तुमचं नाव मी खराब केलं. मला माफ करा.”