सर हवेत की नकोत

आमच्या फुटबॉल क्लबचा मालक उल्हासनगरचा, फर्निचरवाला. माणूस दिलदार, पण डोकं कधी फिरेल नेम नाही. ओळीने दोन मॅच हरलो की कोच बदलायचा. माझ्याआधीचे तिघे असेच गेले. मी व्हीआरएस घेऊन हेंद्रेपाड्यात घरी बसलो होतो, बायकोच्या कामात लुडबुड करत. तरुणपणी फॅक्टरीच्या टीमकडून खेळलेलो, म्हणून मालकाने कोच होता का विचारलं आणि मी फटक्यात हो म्हणालो. हे काम टिकावं एवढंच मला हवं होतं. नाहीतर पुन्हा तोच सोफा, तोच टीव्ही आणि चहाची वेळ कधी होते याची वाट बघणं.

नव्याचे नऊ दिवस बरे गेले. मग पोरांचं "हो सर, हो सर" सुरू झालं. पसरून खेळा रे म्हणून घसा फोडावा, तर "हो सर", आणि मैदानात सगळे मधोमध, भाजीबाजारात असल्यासारखे. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी कॅप्टनला बाजूला घेऊन विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, पहिले सर बोलले लाँग पास, दुसरे बोलले शॉर्ट, तिसरे बोलले मधूनच घुसा. आता तुम्ही. कितने सर का सुनें?"

मला राग यायला हवा होता. आला नाही.

पुढची मॅच अंबरनाथ पश्चिमेला होती. आधीची हरलोच होतो, म्हणजे ही गेली की मीही गेलो. एका गोलने मागे होतो आणि आमचा स्ट्रायकर दमून कमरेवर हात ठेवून उभा. मी बदली खेळाडूला तयार केलं, रेफ्रीला सांगितलं आणि स्ट्रायकरला हाक मारली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. पुन्हा हाक मारली.

"अहो, येतोय का तो?" रेफ्री वैतागला.

तेवढ्यात कॅप्टनने लांबूनच हाताने खूण केली, बस म्हणून. मला नाही, बदलीला. आणि तो गपचूप जाऊन बसला! च्यायला, आयुष्यभर फॅक्टरीत युनियनवाल्यांशी भांडलो, पण असं कधी झालं नव्हतं. मी बाटली उघडली, पाणी प्यायलो, झाकण लावलं. मॅच हरलो. घरी जाऊन नीट जेवलोसुद्धा.

रविवारी सकाळी मालक मैदानावर आला. पोरांना समोर उभं केलं आणि मी तिथेच असताना विचारलं, "बोलो भाई, सर रहेंगे या नया लाऊँ? जिसको सर चाहिए, सर के बाजू में आओ."

कोणी हललं नाही. पोरं स्वतःच्या बुटांकडे बघत होती. मीही त्यांच्या बुटांकडेच बघत होतो. लाज वाटत होती का, तेही कळत नव्हतं.

मग कॅप्टन निघाला. सरळ माझ्या दिशेने. खोटं कशाला बोलू, इतक्या दिवसांत पहिल्यांदा छातीत काहीतरी हललं. म्हटलं, चला, एक तरी आपला निघाला. मी थोडा सरकून त्याला जागासुद्धा केली.

"सर," तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "बॉलच्या खोलीची चावी देता? नाहीतर तुमच्याकडेच राहील."

मी खिशातून काढून दिली.