चाळीस सेकंदांचे रुपराव

कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या गळ्यात गाणं नसतं, असं तुम्हाला सांगितलं कोणी? हिंगण्याच्या कंपनीबसमध्ये मागच्या सीटवर बसून रुपराव एकवीस वर्षं गायले. शिफ्ट सुटली की सीटच्या दांड्यावर बोटं वाजवायची आणि रस्त्यात दिसेल ते गाण्यात घालायचं. सुपरवायझरलाही सोडत नसत. रिटायर झाले तेव्हा कंपनीने शाल दिली, फोटो काढले. आवाज कोणी घेतला नाही.

त्यांची पोरगी मिनल बेसा भागात मुलींना नाच शिकवते. कंटेम्पररी. लग्नाच्या संगीतात कमरेला हात लावून करतात तो नव्हे. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली आणि तिला त्यांच्यावर सात मिनिटांचा नाच बसवायचा होता. संगीतासाठी तिने व्हायोलिन ऐकलं, पियानो ऐकला, कुठल्या कुठल्या देशांतल्या बासऱ्या ऐकल्या. सगळं गोड, सगळं परकं. शेवटी बाबांच्या बसमधल्या सोबत्याने, लहानूकाकांनी, जुन्या मोबाईलमधून एक तुकडा शोधून दिला. चाळीस सेकंद. इंजिनाची घरघर, हॉर्न, कोणाची तरी शिवी आणि मधोमध बाबा.

साउंडवाला विक्की म्हणाला, "लूप मारतो ना दीदी. सात मिनिटं काय, सात तास गातीन काका. कोणाले समजते?"

तिने हो म्हटलं. तालमीला आई, वच्छलाबाई, डबा घेऊन आल्या होत्या. तेच कडवं चौथ्यांदा आलं आणि त्या ताडकन उठल्या.

"बंद कर वं ते! तुये बाबा एक कडवं दोनदा सारखं म्हणत होते काय? मशीनवर जनम गेला त्यायचा, आता त्यायलेच मशीन करून राहिली?"

मिनलचं तोंड उतरलं. बाबा घरात गायला लागले की दार लावून कानात इअरफोन घालणारी तीच होती.

आता बाबा एकदाच वाजतात. उरलेली सहा मिनिटं वीस सेकंद मुली आवाजाशिवाय नाचतात, नुसते पाय आणि श्वास. मिनल मात्र अजून चाळिसाव्या सेकंदाला अडते. पुढचं कडवं येईल असं तिला दर वेळी वाटतं.

त्या बसने तुम्ही गेला असाल आणि मोबाईलच्या तळाशी एखादं रेकॉर्डिंग पडलं असेल, तर पुसू नका. खरखर असो, अर्धवट असो, मिनलला नेऊन द्या.