शेकानं वाचलेली

रुपाली सतरा वर्षांची असताना तिच्या मानेत गाठ आली. कॅन्सर निघाला. पुण्याच्या दवाखान्यात तिच्या अख्ख्या छातीला मशिनीचा शेक, म्हणजे रेडिएशन, दिला आणि पोर वाचली. पण 'कॅन्सरवाली' हे नाव काही जाईना. स्थळं उंबऱ्यावरूनच माघारी फिरायची. शेवटी देवळाली प्रवराच्या वाल्मिकनं तिला पत्करलं. त्याची पहिली बायको वारली होती. सासू छबूबाई कितीतरी वर्षं रुपालीचं ताट वेगळं ठेवायची.

रुपाली बायकांचे ब्लाउज शिवायची. माप घेताना कुणाच्या अंगावर गाठ हाताला लागली, की त्या बाईला ओढून श्रीरामपूरला डॉक्टरकडं न्यायची. "मी वाचले, तुमी का न्हाई वाचनार?"

चाळिशीला टेकली आणि तिच्याच डाव्या स्तनात गाठ लागली.

"लहान वयात छातीला शेक घेतला की पुढं असं होऊ शकतं," डॉक्टर मधुवंती फाटक म्हणाल्या. "दर वर्षी तपासणी करायला हवी होती. कुणी सांगितलं नाही?"

"बरी झालीस, जा आता. येवढंच सांगितलं."

मधुवंतीबाई म्हणाल्या, त्या काळी अख्ख्या छातीवर शेक द्यायचे. आता आधी औषधं, मग गाठीपुरताच, कमीत कमी शेक. रोग्याला श्वास रोखायला लावून शेकापासून हृदयसुद्धा वाचवतात. पण रुपालीला त्याच जागी पुन्हा शेक देणं धोक्याचं होतं. म्हणून अख्खा स्तनच काढला.

ती घरी आली तेव्हा छबूबाई तोंडावर म्हणाली, "तवाच गेली असती तर बरं हुतं. माझ्या पोराच्या गळ्यात तरी पडली नसती." वाल्मिक तिथंच होता. त्यानं चप्पल घातली आणि बाहेर गेला.

त्याच हिवाळ्यात शेजारच्या अजिनाथच्या पोरीला, सृष्टीला, रुपालीला सतराव्या वर्षी झाला होता तोच आजार निघाला. अजिनाथ वाल्मिकचा चुलतभाऊ. औषधं आणि थोडा शेक घेतला तर पोर बरी होईल, असं मधुवंतीबाईंनी सांगितलं होतं. अजिनाथनं दोन्हीला नकार दिला. रुपाली जखमेचे टाके घेऊनच त्याच्या दारात गेली.

"वहिनी, तुमची छाती कशानं कापली? शेकानंच ना? माझ्या पोरीचं बी तसंच करू व्हय?"

"भावजी, शेक न्हसता तर तुमच्या भावाशी लगीन लावायला मी जित्ती न्हसते. धोका हाय, खोटं न्हाई बोलत. पन आता लई कमी हाय, आन् तो बी पुढं कवातरी. पोरीची गाठ आज हाय."

आतून सृष्टी म्हणाली, "काकू, मला घ्यायचाय शेक."

"तू गप!" अजिनाथ ओरडला, आणि रुपालीच्या तोंडावर दार लावलं.

त्यानं पोरीला एका जडीबुटीवाल्याकडं नेलं. मधुवंतीबाईंनी फोन केले, त्यानं ते उचललेच नाहीत. उन्हाळ्यात सृष्टीला आडवं झोपता येईना, बसल्याजागी धाप लागायची. मग दवाखान्यात हलवली, तेव्हा फार उशीर झाला होता.

सृष्टीच्या दहाव्याला रुपाली बायकांत बसली होती. पोरीची आई सगळ्यांसमोर तिच्याकडं बोट दाखवून म्हणाली, "हिला बघूनच आमी भ्यालो. ही धडधाकट असती तर माझी पोर जगली असती."

शेजारच्या बायका जरा सरकून बसल्या. रुपालीनं पदर छातीवर ओढून घेतला आणि उठली.

पुढच्या आठवड्यात तिची तपासणी झाली. सगळं साफ. घरी येऊन तिनं वाल्मिकला सांगितलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "शेजारी ऐकू जाईल."