निलंबनाच्या काळातले सर

सरांची वकिलीची सनद दोन वर्षांसाठी निलंबित झाली, तेव्हा बारामतीच्या बाररूममध्ये आम्ही हळहळलो, चहा प्यायलो आणि आपापल्या कामाला लागलो. पक्षकाराला न विचारता त्यांनी परस्पर तडजोडीचा अर्ज दिला होता. उलटतपास कसा घ्यायचा हे मी त्यांच्याच मागं उभं राहून शिकलो, त्यामुळे मला फार वाईट वाटलं. महिन्याभरानं इंदापूरच्या तहसील कचेरीत गेलो, तर सर काळा कोट घालून हजर. कोर्टात कुणीतरी हटकलं असतं. इथं सनद विचारतो कोण? मी वाकून नमस्कार केला. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

बाकीचे वकीलही बघत होते. कुणी ब्र काढला नाही. आमच्याकडे निलंबन म्हणजे एखाद्या तलाठ्याला घरी बसवतात तसं. चार महिन्यांनी गडी पुन्हा चावडीत, काही झालंच नाही अशा थाटात. सरांनी तर चार महिनेही दम धरला नाही. दारावरची पाटीसुद्धा काढली नाही.

बऱ्याच महिन्यांनी लासुर्ण्याचे एक तात्या फाइल घेऊन माझ्या ऑफिसात आले. त्यांच्या शेताकडे जाणारी वाट शेजाऱ्यानं चर खणून अडवली होती. सरांनी तहसीलदारांपुढे त्यांचं काम चालवून वाट खुली करायचा हुकूमही मिळवला. पण शेजाऱ्यानं बारामतीला प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागितली आणि त्याच्या वकिलानं तिथं सरांच्या निलंबनाचं पत्र ठेवलं. प्रांतांनी हुकूम रद्द केला आणि सुनावणी पहिल्यापासून घ्यायला सांगितली. शेजाऱ्यानं दुसऱ्याच दिवशी चर पुन्हा खणला. इकडे तात्यांचा ऊस तोडीला आलेला आणि ट्रॅक्टर शेतात जायला वाटच नाही.

मी भडकलो, आणि सरांवर भडकायचं ते तात्यांवर भडकलो. वकीलपत्रावर सही करण्याआधी चार माणसांना विचारायला काय झालं होतं, असं बरंच काही बोललो. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"इचारलं की," ते म्हणाले. "सही करायच्या आदी कचेरीतल्या बाकड्यावर तुमालाच इचारलं हुतं, ह्ये वकील कसं हायती म्हनून. तुमी म्हनला, लई जुनं वकील हायती."

मी तसंच म्हणालो होतो. दुसऱ्या वकिलाबद्दल त्याच्या पक्षकाराजवळ वावगं बोलू नये, हा आमच्या धंद्यातला शिष्टाचार. तोही सरांनीच शिकवलेला. तो मी पाळला आणि समोर बसलेल्या माणसाला अगदी सभ्यपणे तोंडघशी पाडलं.

आता चीड काढायची तरी कुणावर? तात्यांना म्हटलं, तुमचं काम मी घेतो, शिवाय सरांविरुद्ध तक्रारही करू, तिला माझं प्रतिज्ञापत्र जोडतो. लगेच लिहायला बसलो. सनद निलंबित असताना सर कामं चालवतात, हे मला केव्हा कळलं ते त्यात सांगायचं होतं. आधी मी लिहिलं, 'अलीकडेच.' वाचून बघितलं, स्वतःचीच किळस आली. ते खोडून खरा महिना घातला.

तात्यांनी चष्मा लावून कागद वाचला. मग फाइलीतून सरांच्या नावे दिलेलं वकीलपत्र काढलं आणि त्यावरची तारीख माझ्या कागदाशेजारी धरली.

"म्हंजी मी त्येंच्याकडं जायच्या आदीच तुमाला म्हायती हुतं."

"हो," मी म्हणालो.

त्यांनी सरांचं वकीलपत्र परत फाइलीत ठेवलं. मग माझ्या वकीलपत्रावर त्यांनी सही केली. दुसरा वकील शोधायला आता वेळ नाही, एवढंच म्हणाले.