चावी माझ्या गळ्यात होती

तुमच्याकडे राबायला येणारी बाई लघवीला कुठं जाते, तुम्हाला माहीत आहे?

मला माहीत होतं. सोयीने विसरले होते.

आसनगावजवळच्या एका गोडाऊनमध्ये मी पॅकिंगला होते. आमच्या लाइनीत बावीस बायका आणि पुठ्ठ्याची एकच पाटी. तिच्यावर मार्करने लिहिलेलं, बाथरूम. जिला जायचं तिने पाटी गळ्यात अडकवायची, सगळ्यांसमोरून जायचं, परत येऊन सुपरवायझरच्या टेबलावर ठेवायची. मला पाळी आली होती. दुसऱ्यांदा पाटी मागितली तेव्हा तो लोडिंगच्या पोरांकडे बघत म्हणाला, "मॅडमची आज दुसरी ट्रिप." पोरं हसली. मी पाटीचे दोन तुकडे केले, त्याच्या जेवणाच्या डब्यावर ठेवले आणि गेटबाहेर पडले.

त्याच रागात पत्रक लिहायला घेतलं. शहापूर-मुरबाडात कोण कसं राबवतं. गोडाऊन, वीटभट्टी, खडीची खाण, फार्महाऊस. पाणी, सावली, सुट्टी, संडास. गावोगाव विचारत हिंडले.

शेवटी वैशाखरे गावाच्या अलीकडच्या वाडीत यमुनामावशीकडे गेले. ती हिवाळ्यात भट्टीवर, पावसाळ्यात भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, आमच्याच शेतावर. भट्टीवरचा मुकादम शिव्या देतो, पण पलीकडे रान आहे, आडोसा मिळतो, म्हणाली. फार्महाऊसवर माळ्याची मोरी वापरू देतात. मी लिहून घेत होते. ती मधेच थांबली.

"तुमचं नाय लिवलंस?"

"आमचं काय, मावशी? आपलं घरचंच."

"घरचंच." ती हसली. "मंग कुलूप कशाला गो? चावी तर तुज्याच गळ्यात असायची."



आमचा संडास शेताला लागून. आवणीच्या दिवसांत बाबा त्याला कुलूप लावायचे. चिखल होतो म्हणून. मी चावी गळ्यात घालून, छत्री घेऊन बांधावर बसायचे. कोण किती वेळा ओढ्याकडे जातं ते बघायचे. चारी बाजूंना उघडी खाचरं. बायका दिवसभर पाणी पीत नसत. आईने आणलेला चहासुद्धा नको म्हणायच्या. मला वाटायचं, संकोच. एकदा मावशी दुसऱ्यांदा उठली तेव्हा मी बांधावरून ओरडले, "परत चाललीस?" सगळ्या ओळीने ऐकलं. मी सोळा वर्षांची होते.

सुपरवायझर नवीन काही म्हणालाच नव्हता.

मी मावशीची माफी मागितली. "बरं," ती म्हणाली, आणि सूप घेऊन तांदूळ पाखडायला लागली.

घरी येऊन कुलूप तोडलं. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. यंदा मावशी आमच्या आवणीला आली नाही. का यावं तिने?

पत्रकात आता पहिली ओळ आमच्या शेताची आहे. बाबांच्या नावासकट. त्याखाली माझं, चावी सांभाळणारी म्हणून. बाबांनी घराबाहेर काढलं तरी ती ओळ मी खोडणार नाही.

पत्रक तुमच्या हातात आहे. शेवटची ओळ मोकळी सोडलीय. ती तुमच्या घराची. मनाने भरू नका. तुमच्याकडे राबणाऱ्या बाईला आजच विचारा, आणि ती सांगेल तेच लिहा.