उत्तराची वाट बघणारा

माणसं मूल्यांविषयी कशी बोलतात, याचा अभ्यास करायला सोलापूरच्या कॉलेजातून एकजण उजनीकाठच्या आमच्या गावी आला. मला तो जमिनीचा दलालच वाटला. प्रश्न विचारून तो चष्मा पुसत बसायचा, उत्तर येईपर्यंत हलायचा नाही.

"तुमाला काय वाटतं, ते सांगा की," मी म्हणालो.

"मी बोललो, की लोक माझ्यासारखंच बोलायला लागतात."

माझा संशय वाढला.

मग त्यानं आईला विचारलं, "घराची अब्रू मोठी, की लेक?"

पळून जाऊन लग्न केल्यापासून ताईचं नाव आमच्या घरात कुणी काढत नव्हतं. हे याला कुणी सांगितलं? मी त्याला उठवणारच होतो. तो मात्र आईसमोर चष्मा पुसत बसून राहिला.

बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "लेक की. पण मला कुणी इचारलंच न्हाय."